मथळ्याखालची बातमी

सेडर फोर्क, अलाबामा
१२ नोव्हेंबर १९८४

चि. रेनेटास,
ओझेला आजीचे अ. उ. आ. वि. वि. बोलते आहे मी आणि लिहिते आहे चर्चमधली सिस्टर वर्डी. ती हार्विल कॉलेजची, आपण टॅलमनचे. तेव्हा टॅलमनबद्दलचं एखादं बरं वाक्य गाळलं गेलं, तर दोष तिचा. (मी शब्द न् शब्द लिहिते आहे. — वर्डी)

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी टॅलमन-हार्विल फुटबॉल सामन्याची बातमी तू लिहिणार, हे ऐकून जीव सुखावला. तुझा तो मॉंटगोमेरीचा पेपर तीस वर्षं काय करतोय, ते मला वाचता येत नसलं तरी दिसतं. हार्विल जिंकलं की पहिल्या पानावर हातभर फोटो. आपण जिंकलो की आत कुठेतरी, टायरच्या जाहिरातीखाली. टीव्हीवाल्यांचंही तेच. म्हणून आम्ही टीव्हीचा आवाज बंद करतो आणि आपल्या गावचा रेडिओ लावतो. तो निदान आपल्या बाजूनं खोटं बोलतो.

आपल्या चर्चचा कारभारी, थर्मन डीकन, त्यानं तर भर चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, की आता आपली पोर आत बसली, आता न्याय होणार. मी म्हटलं, पोर बातमी लिहायला गेलीय, प्रार्थना म्हणायला नाही. तरी एखादा बरा शब्द घाल गं बाई. सामना आटोपला की घरी ये, रताळ्याची पाई करते.

तुझी,
ओझेला आजी


मॉंटगोमेरी
२७ नोव्हेंबर १९८४

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. मी आले नाही, त्याचं कारण तुला कळलंच असेल. टॅलमन ज्यावर जिंकलं, तो शेवटच्या चढाईतला चेंडू गोलरेषेच्या अलीकडेच अडला होता. मी दहा हातांवर उभी होते. पंचांनी हात वर केले, गुण दिले. मी पाहिलं ते लिहिलं. खाली आपल्या मुलांच्या बचावावर सहा परिच्छेद लिहिले, तेही पाहिलं म्हणूनच.

पण मथळा आला ‘पंचांच्या कृपेने टॅलमन विजयी’. मथळे बातमीदार देत नाहीत गं, ते कचेरीत बसलेला दुसराच कुणी देतो. पण हे गावात कोण ऐकणार? डीकन थर्मन यांचा फोन आला. नाताळला चर्चमध्ये मी गाऊ नये, असं लोकांचं म्हणणं आहे म्हणाले. आमचे संपादक हार्विलचे, ते खूश आहेत. त्याचा जास्त त्रास होतो.

खरं सांग आजी, मी घरी यावं का? तू म्हणशील तसं करीन.

तुझीच,
रेनेटा


सेडर फोर्क
९ डिसेंबर १९८४

चि. रेनेटास,
अ. उ. आ. वि. वि. उत्तराला उशीर झाला, कारण घरात माणसांची रीघ लागली आहे.

सोमवारी थर्मन डीकन पेपर नाचवत आला. नात फितूर झाली म्हणाला. मी म्हटलं, मला अक्षर येत नाही बाबा, काय लिहिलंय ते वाच तरी. मथळा वाचून थांबला. मी म्हटलं, एवढी एक ओळ लिहायला पोर चार वर्षं शिकली होय? पुढे वाच. रेषेचं आलं तेव्हा त्याचा आवाज चढला. मग बचावाचं आलं. त्याच्या पुतण्यानं, लॉनीनं, शेवटच्या दहा मिनिटांत तिघांना कसं आडवं केलं, ते तू लिहिलंयस. तेवढं त्यानं दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा उभं राहून. आठ दिवस पेपर काखेत मारून फिरत होता, पण नजर मथळ्याखाली उतरली नव्हती!

तेव्हापासून तक्रार घेऊन येईल त्याला मी पेपर देते. शेवटपर्यंत मोठ्यानं वाचल्याशिवाय कॉफी नाही. एकोणीस जण झाले. चौघं अजून चिडलेत, पण पूर्ण वाचून चिडलेत.

चेंडू अलीकडे होता का? वर्डी म्हणते होता, ती म्हणणारच. (होताच. — वर्डी) टीव्हीवर मलाही तसंच दिसलं. रेडिओवाला पलीकडे म्हणाला आणि मी पटकन डोळे मिटून घेतले. तू उघडे ठेवलेस. पेपरवाले दिसतं ते लिहीत नाहीत म्हणून तीस वर्षं बोटं मोडली. आता एकीनं लिहिलं, तिला दाराबाहेर कशी ठेवू?

काल डीकन पुन्हा आला. तू गायला उभी राहिलीस तर त्याची हरकत नाही. बातमी आणखी एकदा वाचून दाखवू का, असंही विचारत होता. मी म्हटलं, आता नको. जिनं लिहिली तिच्याच तोंडून ऐकायची आहे.

बावीस तारखेची बस धर. लोभ आहेच, बाकीचा समोर बसून वाढव.

तुझी,
ओझेला आजी