तळ्याचे 'उत्तम' ठरलेले पाणी आमच्या फ्रिजमधले असल्याबाबत

प्रति,
मा. जलतपासणी अधिकारी,
जलक्रीडा व आरोग्य कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : तळ्यास दिलेला 'पोहण्यास उत्तम' व नंतर 'सर्वोत्तम' हा दर्जा तातडीने काढून घेऊन रविवारचा शाळकरी मुलांचा पोहण्याचा कार्यक्रम थांबविणेबाबत.

संदर्भ : १) तळ्याकाठी लावलेला आपल्या कार्यालयाचा निळा फलक.
२) माझा यापूर्वीचा अर्ज व त्यावर आलेले आपले अभिनंदनाचे पत्र.

महोदय,

मी खाली सही करणारी तळ्याकाठच्या कपडे बदलण्याच्या खोल्यांची देखभाल करते. खोल्यांना लागूनच मिळालेल्या घरात मी, माझ्या सासूबाई व माझी मुलगी राहतो. यजमान कामानिमित्त परगावी असतात. अर्ज घाईत लिहीत आहे, तरी अक्षराबद्दल क्षमा असावी.

१. आपले नमुने गोळा करणारे कर्मचारी, ज्यांना आम्ही बाटलीभाऊजी म्हणतो (राग नसावा), गुडघाभर पाण्यात उतरून बाटल्या भरतात. प्रयोगशाळेची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येते. भाऊजींच्या बर्फाच्या पेटीचे झाकण मोडल्यापासून बाटल्या तोवर आमच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी राहतात. शेजारधर्म म्हणून आम्ही कधी नाही म्हटले नाही.

२. आमच्या सासूबाईंचा असा नियम आहे की, न उकळलेले पाणी फ्रिजमध्ये जाता कामा नये. पाहुण्यांनी आणलेली बाटलीसुद्धा त्या ओतून, उकळून, गाळून, पुन्हा भरून ठेवतात. त्यांनी भाऊजींच्या बाटल्यांत गढूळ पाणी पाहिले. हे साहेब लोकांकडे जायचे आहे एवढे त्यांच्या कानावर होते. साहेब असले पाणी पितील तर काय म्हणतील, अशा सद्हेतूने त्यांनी ते कुंड्यांना घातले आणि बाटल्यांत घरचे उकळलेले पाणी भरले. मला याचा थांगपत्ता नव्हता.

३. यथावकाश निळा फलक लागला. मी तो मोठ्याने वाचून दाखवताच सासूबाई मान ताठ करून म्हणाल्या, "उत्तम नसायला काय झालं? चांगलं खळखळा उकळलंय मी!" महोदय, बाटल्यांतून काय गेले ते मला तेव्हा कळले. पलीकडच्या काठाला लव्हाळ्यांच्या मागे सांडपाण्याचा पाइप फुटलेला आहे. त्या अंगाला पाण्यावर तवंग येतो. तळ्यात पोछा धुतला तरी माझ्या बोटांना खाज सुटते.

४. मी तत्काळ अर्ज करून पुन्हा तपासणीची विनंती केली. सासूबाईंचे नाव त्यात घातले नाही, कारण त्या पोलिसांच्या नुसत्या गाडीलाही घाबरतात. आपण कृपावंत होऊन भाऊजींना पुन्हा पाठविले. पेटीचे झाकण अद्याप मोडकेच असल्याने बाटल्या पुन्हा आमच्याच फ्रिजमध्ये आल्या. मी त्यांवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली, सासूबाईंना दोनदा बजावले आणि निर्धास्त झोपले.

५. परंतु सासूबाईंच्या डोक्यात भलतेच चालले होते. पहिले पाणी चांगले आणि दुसरे वाईट निघाले, तर पहिल्या वेळी कोणी लबाडी केली याची चौकशी होणार आणि आपल्याला म्हातारपणी बेड्या पडणार, या भीतीने त्यांनी दुसऱ्याही बाटल्या बदलल्या. या खेपेस जास्त वेळ उकळले आणि फडके दुहेरी घेतले. परिणामी आपल्या कार्यालयाने तळे 'उत्तम'वरून 'सर्वोत्तम'वर नेले आणि जागरूक नागरिक म्हणून माझे अभिनंदन केले. ते पत्र हाती आले तेव्हा सासूबाई रडत रडत सगळे बोलल्या.

६. सर्वोत्तम ठरल्यामुळे रविवारी आता मोठ्यांच्या आधी लहान मुलांना उतरवणार आहेत. पहिली उडी माझ्या मुलीची आहे. तळ्याकाठची मुलगी म्हणून शाळेतल्या बाईंनी तिला निवडले. मी तिला पाठवणार नाही असे कळविले, तर बाईंनी फलकाचा फोटो पाठविला. माझ्या मुलीला मी कोंडून ठेवीन. बाकीच्या पोरांच्या आयांना काय सांगू? मी सांगायला गेले तर त्याही फलकाकडेच बोट दाखवतात.

७. आता मुख्य गोष्ट. काल सकाळी सासूबाई घरात दिसेनात. बाहेर येऊन पाहते तो त्या लुगडे खोचून पाण्यात उभ्या, आणि ओंजळीने तळ्याचे पाणी पीत होत्या. मी ओरडले तेव्हा म्हणाल्या, "तुझं कोणी ऐकत नाही ना? मग माझाच नमुना घ्या म्हणावं. पोरांच्या आधी माझं काय होतंय ते बघा." मी त्यांना ओढून आणले. रात्रीपासून त्यांना उलट्या व जुलाब होत असून अंग तव्यासारखे तापले आहे.

८. डॉक्टर घरी येऊन गेले. मी पाण्याचे सांगताच ते हसले. म्हणाले, "त्या पाण्यानं कसं होईल? सर्वोत्तम आहे ते. बाहेरचं काही खाल्लं असेल." पोटाची साधी गोळी देऊन ते गेले. त्यांची नातवंडेही रविवारी येणार आहेत. मी बोलते ते खोटे आणि फलक बोलतो ते खरे, असे झाले आहे. महोदय, मला फार भीती वाटते. सासूबाईंचे ओठ सुकले आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या पलंगावरून माझी मुलगी डोक्याला टोपी घालून उडीचा सराव करते आहे.

तरी विनंती की, पाणी वाईट आहे एवढी एकच ओळ आपल्या सहीशिक्क्यानिशी आजच द्यावी, म्हणजे डॉक्टर नीट औषध देतील. फलकावर निदान एखादे पोते टाकावे. बाटल्या बदलल्याबद्दल जी शिक्षा असेल ती मला द्यावी, सासूबाईंना देऊ नये. त्यांनी आयुष्यभर फक्त दुसऱ्यांच्या पोटाची काळजी केली आहे.

उत्तरासाठी जिन्यातच बसून राहणारी,
आपली नम्र,
(सही)
कपडे बदलण्याच्या खोल्यांची देखभाल करणारी

दिनांक : शुक्रवार, कार्यालय उघडण्यापूर्वी

सोबत : तळ्याच्या पाण्याची बाटली, नग एक. आज पहाटे मी स्वतः भरली. कृपया कोणाच्याही घरी ठेवू नये. भरून आणली तेव्हा सासूबाईंनी डोळे न उघडताच विचारले, "उकळलं नाहीस ना गं?" नाही म्हटल्यावर त्यांनी बाटली हाताने चाचपून पाहिली, आणि गार लागल्यावरच मला बाहेर पडू दिले.