टेपचे दोन वेढे

प्रिय अब्दुल्ला,

मोरा गावी लेकीकडे जाऊन बसलास, फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. वायरमनचं लायसन्स नवं करायचं तर आधी वर्ग करा, असा नियम आला आणि तू रुसलास. आयुष्यभर वायरी ओढल्यावर कालच्या पोरांकडून काय शिकायचं, म्हणालास. मी मात्र जात राहिलो, महापेला, दर रविवारी. घणसोलीतल्या आपल्या दुकानाची पाटी उतरवायचा धीर मला झाला नाही.

शिकवणारी क्षिप्रा म्हणून आहे, तुझ्या लेकीएवढी, सिदराएवढी. पण पोरगी हुशार! अर्थिंगचं तिनं जे सांगितलं त्यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं, खोटं कशाला बोलू. बाकावर बसून गुडघे धरतात, एवढंच. तुझी गोजरावहिनी सवयीनं अजून दोघांच्या भाकऱ्या बांधते.

गेल्या रविवारी प्रात्यक्षिक होतं. बोर्ड झटक्यात जोडून मीच सगळ्यांच्या आधी हात वर केला. क्षिप्रा बघतच राहिली. लाल फेजच्या जागी मी हिरवी अर्थिंगची वायर लावली होती. करंट नव्हता म्हणून बरं. मग तिनं मला बाजूला घेऊन रंगीत ठिपक्यांची चित्रं दाखवली. त्यांत आकडे असतात म्हणे. मला नुसते ठिपके दिसले. लाल-हिरवं तुम्हाला एकच दिसतं, म्हणाली.

घरी येताना तू आठवलास. कुठलंही काम असो, माझ्या हातात द्यायच्या आधी तू फेजला टेपचे दोन वेढे द्यायचास, अर्थिंगला एक. मी तुला टेपसम्राट म्हणून चिडवायचो. तुला कधीपासून ठाऊक होतं रे? मला बोलला नाहीस, गिऱ्हाइकांना तर नाहीच. भर रस्त्यात रडू आलं मला.

तू गेल्यापासून मी पंखे-मिक्सरच दुरुस्त केले, हे नशीब. गोजराला सगळं सांगितलं तर म्हणाली, "एकट्यानं बोर्डाला हात लावाल तं बघा! भावजींशिवाय कोन हाय तुमचं? बोलवा त्यांना."

म्हणून लिहितोय. माझं लायसन्स नवं करू नका, असं मी क्षिप्राला सांगून टाकलंय. दुकानाला एक लायसन्स पुरतं. पुढच्या महिन्यात नवी तुकडी सुरू होतेय, तिच्यात तुझं नाव घालून आलोय. राग राग कर, शिव्या दे, पण ये. यापुढे बोर्ड तू उघड, शिडी मी धरतो.

तुझाच,
गोटीराम