होड्यांच्या चित्राचा फोटो

२ फेब्रुवारी

चि. चिमणीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझा कॅमेरा आणि तिपाई पोचली. एवढी बटणं कशाला असतात ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. काम असं, की तुझ्या काकांचं होड्यांचं चित्र प्रदर्शनाला पाठवायचं आहे. आधी फोटो मागतात, आवडला तर चित्र. मागच्या खेपेला मी काढलेला फोटो बघून निवडणाऱ्यांनी विचारलं, ह्या चपला पाण्यात का सोडल्यात. तेव्हापासून ह्यांनी ब्रशला हात लावलेला नाही. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस आता खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालीत खोड काढतो. मला बघवत नाही. ह्यांना न सांगता फोटो पाठवणार आहे. कसा काढायचा ते लिही, पण मला समजेल असं. स्टुडिओतल्या गिऱ्हाइकांपुढे इंग्रजी शब्द झाडतेस ते नको.

माया आहेच, उत्तर लवकर धाड.

तुझी मावशी

६ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तो फोटो मी पाहिलाय. चपलांच्या डोक्यावर एक लख्ख सूर्य होता, तो तुझा फ्लॅश. ह्या वेळी फ्लॅश बंद. पडदे ओढ. एकाच जातीचे दोन दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, तिरके ठेव. एक पिवळा आणि एक पांढरा नको. उजेड सारखा पडलाय का हे बघायला पेन्सिलीचं टोक चित्राच्या मधोमध टेकवून ती काटकोनात उभी धर. दोन्हीकडच्या सावल्या सारख्याच लांब आणि सारख्याच गडद हव्यात. कॅमेरा तिपाईवर बसव, आयएसओ म्हणून लिहिलेला आकडा शंभरवर ठेव, टायमर लाव आणि बटण दाबून लांब हो. फोटो सावकाश निघेल, कॅमेऱ्याला घाई करायला सांगू नकोस.

काकांना नमस्कार मनातल्या मनात पोचव. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी चिमणी

१३ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

फोटो गेला. तुझी प्रत सोबत आहे. ह्यांना केस कापायला पिटाळलं. डोक्यावर कापण्यासारखं फार नाही, पण न्हावी बोलका आहे. दिवे लावले. पेन्सिल चित्रावर धरायची आणि सावल्या मात्र लांबून बघायच्या, मला काय तिसरा हात आहे? डिंकाने चिकटवली. सावल्या जुळ्या बहिणींसारख्या पडल्या. पण पेन्सिल उपटली तर मधल्या होडीतला नावाडीही रंगाच्या खपलीसकट तिच्याबरोबर निघाला. अख्खा. मग त्याला डिंकानेच परत बसवला. जरा कलला आहे, पण पाण्यात माणूस डोलतोच. ह्यांना सांगितलेलं नाही. तूही तोंड उघडू नकोस.

माझ्यावर राग धरू नकोस, एवढंच मागणं.

तुझी मावशी

१८ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून स्टुडिओत खुर्चीवरून पडायची राहिले. धर म्हटलं होतं गं, चिकटव नव्हे. फोटो मात्र उत्तम आहे, लाटा मोजता येतात. म्हणूनच भीती वाटते. निवड झाली तर चित्रच जाणार, आणि वाटेत नावाडी गळून पडला तर काका पुन्हा कधी ब्रश धरणार नाहीत. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तूच सांग.

हे मोठेपणाने लिहिलं नाही. माया कमी करू नकोस.

तुझी चिमणी

१ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

निवड झाली. मग सांगणं भागच पडलं. मला वाटलं घर डोक्यावर घेतील. हे भिंग घेऊन चित्रापुढे बसले. म्हणाले, असा बसलेला माणूस बुडणार, आणि ब्रश कुठे ठेवलेत म्हणून मलाच ओरडले. नावाडी नवा केला. त्याच्याशेजारी होडी जुनाट दिसायला लागली, ती रंगवली. मग पाणी. आता चित्र फोटोसारखं राहिलेलंच नाही, आणि प्रदर्शनवाल्यांना फोटोतलंच हवंय. मी कपाळाला हात लावला. ह्यांनी सरळ कळवून टाकलं, चित्र पाठवत नाही. चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नाही.

सकाळपासून नवं चित्र काढायला घेतलंय. मला खुर्चीत बसवलंय, मांडीवर पाट, त्यावर हे पत्र. मान वळवायची नाही, नाक खाजवायचं नाही. गॅसवर दूध आहे, ते उतू गेलं तरी चालेल म्हणतात. आता हात हलतोय, पत्र पुरे, असंही म्हणतात. बरं म्हटलं.

लोभ असू दे.

तुझी मावशी