करंगळीचं मत

२९ एप्रिल १९९८, बुधवार. हमरिया.
वैशालीच्या शाळेची चिठ्ठी. शुक्रवारी पालकसभा. नव्या इमारतीसाठी फी वाढवायची का, हात वर करून मतदान. तिचा आठवीचा वर्ग पत्र्याच्या केबिनमध्ये. एसी फक्त आवाज करतो. पण फी वाढली तर पगारात भागणार नाही. मग सुमन आणि वै.ला रत्नागिरीला, गावी पाठवावं लागेल, मी एकटा इथे आखातात, रुसैलला कंपनीच्या खोलीत. विरोधातच हात वर करणार. ऐकून सुमनने भाकरी जोरात थापली.

१ मे, शुक्रवार.
सांगणार कुणाला, म्हणून लिहितो. जाताना दाऊदभाईच्या दुकानात लबन, म्हणजे इथलं ताक, प्यायलो. उन्हाचं जरा जास्तच. सभेत मी आणि तो, दोघेही विरोधातले, एका बाकावर. भाषणं इंग्रजीत, संपेचनात. मला तर धरवेना. बाकावर बसलं की अंग गावच्या शाळेत जातं. आपोआप करंगळी वर. समोरच्या बाईंनी बघून मान हलवली. परवानगी मिळाली, उठलो.
बाई तेव्हा ठरावाच्या बाजूचे हात मोजत होत्या.
हात धुताना टाळ्या ऐकल्या. एका मताच्या फरकाने मंजूर. मारुतीराया!

२ मे, शनिवार.
दाऊदभाई दुकानातून ओरडला, "साळव्या, माझ्या शेजारी बसून फितूर झालास?" खरं ते सांगितलं. हसता हसता गल्ल्यावर डोकं टेकलं त्याने. मग म्हणे, "कमिटीला सांगतो. पुन्हा मतदान, इन्शाल्ला."
"अरे, पण सांगणार कसं?"
"बोट दाखवून!"
घरी उपास सोडायला शिरा. सुमन म्हणाली, "पोरीसाठी हात वर केलात. मला वाटलं नव्हतं." शिरा खाल्ला. आणखी वाढून घेतला.

५ मे.
वै. म्हणाली, "बाबा, थँक यू. केबिनमध्ये इतकं हॉट होतं ना, काल रीमा फेंट झाली. न्यू बिल्डिंगमध्ये मी विंडोजवळ बसणार."
तेव्हा ती इथे असेल का, हे तिला कोण...

८ मे, शुक्रवार.
आज फेरमतदान, चिठ्ठी टाकून. दाऊदने करून दाखवलं. हमरियात आता पोरंसोरंही मला करंगळी दाखवतात. सुमनलाही कळलं, दाऊदच्या बायकोकडून. चार दिवस शिरा नाही.
सकाळी देवापुढे बसलो. काय मागावं सुचेना. मारुतीला दोन्ही बाजू सांगितल्या आणि उठलो.
निघताना सुमन दारात. "जाऊन आलात ना?"
जाऊन आलो. आता कसलीच सबब उरली नाही.