मोजायला माणूस येणार आहे

४ मार्च, मंगळवार

घराची किंमत काढावी लागणार. वकीलबाई म्हणाल्या. मी मान हलवली. त्या बोलत होत्या आणि मी त्यांच्या पुढच्या दाताकडे बघत होते — कॅप बसवलेली, रंग शेजारच्या दाताहून जरासा पिवळा. आमच्या दातांच्या लॅबमध्ये असं काम साहेबांनी दारातूनच परत पाठवलं असतं.

माझा घटस्फोट चाललाय आणि मी दात बघतेय!

त्याने एक कागद पाठवलाय. त्याच्या मित्राने घराची किंमत लिहून दिलीय. मित्र जागांची दलाली करतो. आकडा असा की वाटलं, आपण राजवाड्यात राहतो आणि आपल्यालाच पत्ता नाही. वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, दलाल सांगतो ती त्याची आशा, कोर्टात आशा चालत नाही. रीतसर नोंदणी असलेला व्हॅल्युअर लागतो, दोघांना मान्य असलेला. ना त्याचा मित्र, ना तुमचा भाऊ. तो घर मोजणार, बांधकाम तपासणार, आसपासची घरं कितीला गेली ते काढणार. तो सांगेल त्याचे दोन भाग. नवऱ्याचा भाग त्याला दिलात तर घर तुमचं. नाही जमलं तर विकायचं आणि पैसे वाटून घ्यायचे.

म्हणजे किंमत जितकी कमी येईल तितकं माझ्या फायद्याचं. एवढं माझ्याही डोक्यात शिरलं.

५ मार्च

झोप बरी लागली. ही काय लिहायची गोष्ट आहे! पण लागली. ताई रोज फोन करून विचारते, रडलीस का. जसं काही ताप उतरला का विचारतात तसं. अगं, चढलाच नाही तर उतरेल कुठून? भूल दिल्यावर गालाला हात लावला की तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो, तसं आहे माझं.

घराचा एवढा हट्ट कशाला, हेही तिला कळत नाही. मला भिंतींचा सोस नाही. घर हवंय ते सासूबाईंसाठी. तो गेला, त्या राहिल्या. माझं सगळंच जगावेगळं — नवरा सोडून गेला आणि सासू घट्ट धरून बसली! तो आणि त्याची ती चौथ्या मजल्यावर राहतात, भाड्याने, लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे बाथरूमच्या एका पायरीला कुरकुर करतात. आईचं काय करायचं असं विचारलं की तो 'बघू' म्हणतो. याचं बघू म्हणजे नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, कायद्याने त्यांची जबाबदारी तुमच्यावर नाही. नाहीच आहे. कोण म्हणतंय आहे.

८ मार्च

व्हॅल्युअर ठरला. दोन्हीकडून होकार. आमचं दोघांचं एकमत — मुहूर्त बघा!

११ मार्च, मंगळवार

बँकेत जाऊन आले. तिथले साहेब भला माणूस. माझा पगार बघितला, वय बघितलं, आणि कर्ज कुठवर देता येईल ते सांगितलं. त्याच्या वर एक रुपया नाही. हप्ते मी निवृत्त होईपर्यंत. त्यांनाही व्हॅल्युअरचाच आकडा हवा, माझ्या तोंडचा नको.

घरी येऊन हिशेब मांडून बघितला. आपल्याच गल्लीतलं कोपऱ्यावरचं घर मध्यंतरी गेलं, त्यावरून. जेमतेम बसतं. बाथरूमच्या फरशा पोकळ वाजतात, मागचं दार फुगलंय, त्याचं काही वजा होईल. झालं तर घर राहतं. नाही झालं तर मी कुठे तरी जाईन, पण सासूबाईंना कुठे ठेवू? या प्रश्नाशी आले की डोकं बंद पडतं. दुपारी लॅबमध्ये एक वरची कवळी पूर्ण केली. कधी केली आठवत नाही. साहेब म्हणाले, छान झालीय.

१४ मार्च, शुक्रवार

उद्या मोजायला माणूस येणार. संध्याकाळी आले, बाह्या सरसावल्या आणि सुटले. खिडक्या पुसल्या, नळ चकचकीत केले, ओट्यामागची भिंत घासली. सासूबाई खुर्चीतून बघत होत्या. शेवटी राहवलं नाही त्यांना. किंमत कमी यायला हवी ना तुला, मग हे काय, नवरी सजवतेस?

हातातलं फडकं तसंच राहिलं. खरंच की! परका माणूस येणार म्हटलं की घर आवरायचं, हे हाडात मुरलंय. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा. मग मुद्दाम थोडा पसारा करून बघितला. खुर्चीवर टॉवेल, जमिनीवर दोन वर्तमानपत्रं. पाच मिनिटं बसले समोर. चैन पडेना. परत आवरलं. सासूबाई इतक्या हसल्या की कवळीला हात लावून बसल्या. मी केलेली कवळी आहे, पडायची नाही, पण नाटकं.

एक मात्र तसंच ठेवलंय. हॉलच्या छतावरचा डाग. ताटाएवढा, कडा तपकिरी. छत गेल्या वर्षीच पक्कं करून घेतलंय, ओल कधीच थांबली, फक्त आतून रंग द्यायचा राहिलाय. राहिलाय तर राहू दे. विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण आपण होऊन कोण सांगतं? सासूबाईंना म्हटलं, उद्या तुम्ही फक्त बसून राहा. मी कशाला बोलतेय मधे, म्हणाल्या.

१५ मार्च, शनिवार

आला. जाडसर, शांत माणूस. बूट दारात काढले. हातात छोटं यंत्र, भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि लांबी कळते. टेप वगैरे काही नाही. खोलीखोलीतून ठिपका फिरत होता, मी मागे मागे. माझी निजायची खोली मोजताना वाटलं, आता काहीतरी वाटेल. नाही वाटलं. इतकी लांब, इतकी रुंद.

बांधकाम किती जुनं, नकाशा मंजूर आहे का, कोण कोण राहतं. दोघी, म्हटलं. चकचकीत नळांकडे बघून हसला. म्हणाला, ताई, घर फार छान ठेवलंय, पण आमच्याकडे स्वच्छतेला मार्क नसतात! बाथरूममध्ये फरशा वाजवल्या. पोकळ. लिहिलं. मागचं दार ढकललं. अडलं. तेही लिहिलं. माझ्या मनात हिशेब चाललेला.

मग हॉलमध्ये वर बघितलं. ओल दिसतेय, म्हणाला, स्वतःशीच, आणि लिहायला लागला. मी गप्प.

"ओल नाही ती. डाग आहे." सासूबाई! "छत गेल्या वर्षी पक्कं केलंय. चला वर, दाखवते."

आणि उठल्या. गच्चीवर त्या किती वर्षांत गेल्या नव्हत्या. दोन्ही हातांनी कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, थांबत, पुन्हा एक. व्हॅल्युअर म्हणत होता, आजी, राहू द्या, मी बघून येतो. त्या ऐकताहेत कुठल्या! मी मागे हात पसरून. वर जाऊन त्यांनी त्याला कोपरा न् कोपरा दाखवला. कामगारांच्या डोक्यावर कशा उभ्या राहिल्या होत्या ते सांगितलं. उडी मारून बघा म्हणाल्या! वायरिंग नवीन, पाइप नवीन, टाकी नवीन. पाया असा की आणखी एक मजला पेलेल. तो लिहीत होता. खाली आल्यावर शिडीवर चढून त्याने डागाला यंत्र लावून बघितलं. कोरडा. आधी लिहिलेलं खोडलं.

उतरताना त्यांना फार त्रास झाला. पाणी दिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

१६ मार्च

दिवसभर बोलले नाही. जेवण वाढलं, औषधं दिली, गुडघ्यांना पिशवी गरम करून दिली.

पोटचा तो पोटचाच. दिवटा दिवटा म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडतात आणि वेळ आली तेव्हा त्याच्याच वाट्यात भर घातली. शेवटी आतडं आपल्याकडेच ओढणार. मला राग यायला हवा. गॅलरीत बसून रागाची वाट बघितली. आला नाही. कपडे वाळले होते, ते काढले.

२४ मार्च, सोमवार

अहवाल आला. किमतीचा अर्धा भाग बँकेच्या आकड्याच्या वर. फार नाही, पण वर. 'छताचे काम नुकतेच झालेले, स्थिती उत्तम.'

घर गेलं.

२५ मार्च

ताई म्हणते दुसरा व्हॅल्युअर आण. वकीलबाई म्हणाल्या, आणता येतो, पण यात चूक काय दाखवणार? पहिल्याने जे होतं तेच लिहिलंय. खरंय. छत पक्कं आहे आमचं!

त्याचा मेसेज आला — विकून टाकू. मी बरं म्हटलं.

३० मार्च, रविवार

आज विचारलं. भाजी निवडत बसल्या होत्या. म्हटलं, मुद्दाम केलंत?

"मुद्दाम. नाहीतर माझ्या गुडघ्यांना काय गच्चीची हौस आली होती?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. म्हणाल्या, बँकेतून आलीस त्या दिवशी तू हप्त्यांचं सांगितलंस आणि मला रात्रभर झोप नाही. हप्ते तू म्हातारी होईस्तोवर. मी तोवर थोडीच आहे! मी गेल्यावर या खोल्यांतून एकटी फिरशील आणि दर महिन्याला माझ्या नावाने पैसे भरत राहशील. गप्प बसले असते तर तू अडकलीच होतीस.

"माझ्या पोराने तुझी बारा वर्षं खाल्ली. उरलेली मी खाऊ?"

त्या पुन्हा भाजीला लागल्या. दिवट्याशी बोललेय, म्हणाल्या, तो नेतोय मला. चौथा मजला तर चौथा मजला. एकदा चढले की झालं, उतरायचंच कशाला!

मला हायसं वाटलं. इथे तरी खरं लिहायला हवं. हायसं वाटलं — अंगावरून ओझं गेल्यासारखं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. दिवटा, दलाल, घर, कुणासाठीच नाही. आपल्याला हायसं वाटलं म्हणून रडले. बाहेर आले तर त्यांनी भाजी फोडणीला टाकली होती. मीठ जास्त झालं होतं. दोघी जेवलो.

२ एप्रिल

लॅबच्या मागच्या रस्त्यावर एक जागा बघितली. एक खोली, स्वयंपाकघर, खिडकीत ऊन. मालकीणबाईंनी विचारलं, एकट्याच का? हो म्हटलं. उद्या-परवा कळवते म्हटलं. जागा चांगली आहे. का कळवलं नाही लगेच, माहीत नाही.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालतायत. त्याला मी फोन करू का, कधी नेणार विचारू का म्हटलं, तर अंगावर आल्या. माझं आणि माझ्या पोराचं आम्ही बघून घेऊ, तू मधे पडू नकोस.

४ एप्रिल, शुक्रवार

लॅबमध्ये फोन आला. हात प्लास्टरने भरलेले, कोपराने उचलला. कुणी बाई, वृद्धाश्रमातून. आजींची खाट सोमवारपासून मोकळी आहे, येताना औषधं आणा. मी म्हटलं, त्या तर मुलाकडे चालल्यात. बाई म्हणाली, मुलाचं काही बोलल्या नाहीत हो त्या. घरचं म्हणून एकच नंबर दिलाय, तुमचा. मुलगी ना तुम्ही?

हो म्हटलं. ती खाट दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हटलं.