गुडघ्याच्या वर

वसतिगृह, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.,

फोनवर हे बोलता येत नाही, खोलीत चौघी असतो. म्हणून बन्सीमामांच्या जीपमधून पत्र पाठवतेय. उत्तरही त्यांच्याच हाती द्या.

नर्सिंगच्या ड्युटीला मी आहे त्या वॉर्डात दौलताबादच्या जोहराबी आहेत. शिलाई करतात, मला बेटा म्हणतात, माझ्या वेणीला नावं ठेवतात. साखरेनं त्यांचा उजवा पाय काळा पडलाय. बुधवारी तो गुडघ्याखाली कापणार. मुलानं, हैदरभाईनं, सही दिलीय आणि बजावलंय की अम्मीला कळू देऊ नका, ती घरी निघून जाईल. त्यांना वाटतंय, नुसता अंगठा साफ करणार.

आज करुणा सिस्टरनी मला जोहराबींच्या पायाचे केस मांडीपर्यंत काढायला सांगितलं. ऑपरेशनआधी काढतात. गुडघ्याशी आले तशा त्या म्हणाल्या, “बेटा, घाव तो अंगूठे पो है, इत्ते ऊपर कायकू?” मी म्हटलं, तपासणीसाठी. त्यांनी लगेच मान डोलावली. बाबा, ते मला सोसवलं नाही. पातं बोथट झालंय म्हणून उठले. म्हणजे दोनदा खोटं बोलले. सिस्टर म्हणतात, शिकणाऱ्या पोरींनी सांगितलेलं करावं. उरलेलं उद्या करायचंय. काय करू?

आपली,
अमृता

बिडकीन
मंगळवार, ११ फेब्रुवारी

चि. अमृतास अनेक आशीर्वाद.

बाप म्हणून सांगतो, गप्प राहा. तुझं हे शेवटचं वर्ष. तू डॉक्टर नव्हेस. तुझ्या तोंडून ऐकून त्या घरी गेल्या आणि जिवाचं बरंवाईट झालं, तर ते ओझं तुला पेलायचं नाय. तुझी आई म्हणते, पोरीला आजच घेऊन या. तिच्याकडं सगळ्या दुखण्यांवर हा एकच इलाज.

एवढं लिहून सकाळच्या वंदनेला बसलो. चौथ्या शीलाशी, खोटं बोलणार नाही म्हणतो तिथं, जीभ अडखळली. वरचं खोडत नाही, मला वाटलं ते वाटलं. पण परस्पर सांगू नकोस. सांगायचं काम ज्याचं, त्या मुलाला गाठ.

काळजीत असलेला,
तुझा बाबा

वसतिगृह
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

मंगळवारीच हैदरभाईला चहाच्या टपरीवर गाठलं. तो चिडला. अम्मीला काही झालं तर तू येणार का निस्तरायला, म्हणाला. मी विचारलं, शुद्धीवर आल्यावर त्या चादर उचलतील, तेव्हा त्यांच्याजवळ कोण असेल? त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला. मग आत जाऊन त्यानंच सांगितलं. मी दाराशी होते. जोहराबींनी मला एवढंच विचारलं की तुला माहीत होतं का. मी हो म्हटलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

बुधवारी त्यांनी ऑपरेशनला नाही म्हटलं. सुनेला बोलावून कुणाचं ब्लाऊज अर्धं शिवायचं राहिलंय ते समजावलं. गुरुवारी संमतीच्या कागदावर स्वतः हाताचा अंगठा उमटवला. पण तोवर ताप चढला होता. बाबा, पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. डॉक्टर म्हणतात, एक दिवस गेला म्हणून. करुणा सिस्टर म्हणाल्या, कदाचित तसंही झालं असतं. पण मला वॉर्डातून काढलंय आणि प्राचार्यांनी तुम्हाला सोमवारी बोलावलंय.

त्याआधी आज सकाळी हैदरभाई डॉक्टरांपुढं माझं नाव घेऊन ओरडला. जोहराबी पडल्यापडल्या म्हणाल्या, “पाँव मेरा था, तो दिन भी मेरा.” मला वाटलं, आता माझ्याकडं बघतील. बघितलं नाही. ऑपरेशनआधी पायाचे उरलेले केसही त्यांनी माझ्या वर्गातल्या मोनालीकडून काढून घेतले.

आपली,
अमृता

बिडकीन
शनिवार, १५ फेब्रुवारी

चि. अमृतास अनेक आशीर्वाद.

सोमवारी येतो. विचारलं तर सांगीन, मुलाला गाठ असं मीच लिहिलं होतं. गुडघा गेला, त्याचं काय म्हणावं मला कळत नाही. तूही घाईनं काही ठरवू नकोस.

जोहराबी बोलत नाहीत, तर नको बोलू देत. तुझं ते तपासणीचं उत्तर त्यांच्या मनात राहणारच. वॉर्डात परत घेतलं, तर रोज त्यांच्या खाटेशी जा. ड्रेसिंग करू देतील तर कर, नाहीतर तांब्या भरून ठेव आणि मागं फिर. माफी मात्र मागू नकोस. पडलेल्या माणसाला आणखी एक काम लावू नये.

जेवत जा. दोन ओळी येत राहोत.

तुझा,
बाबा