टूरर विरुद्ध स्पेशल

पोलादपूर, २ फेब्रुवारी १९३१

हैबतीवर सूड उगवायचा. शांतपणे, पद्धतशीर.

कारण लिहून ठेवतो. माझी वॉर्नफर्ड टूरर दसऱ्याला मुंबईहून आली. तालुक्यातली पहिली फटफटी. तीन महिने काय मान होता! मग कापडे गावच्या या चुलतभावाने त्याच कंपनीचं ‘स्पेशल’ मॉडेल आणलं. काल भिकूच्या लेकीच्या लग्नात वरातीपुढे स्पेशल, माझी टूरर गोठ्याजवळ. वर एक म्हातारा मलाच विचारतो, “ही हैबतरावांची जुनी हाय काय?”

हैबती हसला. (ही म्हणते, तो तेव्हा जेवत होता.)

९ फेब्रुवारी, सकाळी

दोन्ही कॅटलॉग समोर ठेवून अभ्यास केला. स्पेशलचं हँडल रुंद. दिवा मोठा. मागे दुसऱ्या माणसाला गादी. माझ्या टूररला तिथे नुसता पत्रा. इंजिन तेच, हॉर्सपॉवर तीच. म्हणजे फरक निव्वळ दिखाऊपणाचा. शिवाय स्पेशल अकरा पौंड जड. घाटात हलकी गाडीच जिंकणार.

आंबेनळी घाटात चॅलेंज द्यायचं. माझंही वजन कमी करायचं. आजपासून भात बंद.

१० फेब्रुवारी

भात उद्यापासून. पाहुणे होते.

१५ फेब्रुवारी

चॅलेंज दिलं. हैबती म्हणाला, चल की, येताना महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी आणू. शर्यत आहे हे त्याला कळलंच नसावं. किंवा कळून सोंग घेतलं.

तिसऱ्या वळणावर टूरर तापून बंद. उन्हाचा दोष. दोन तास दगडावर बसलो. तो स्ट्रॉबेरी घेऊन उतरला, मला दोराने बांधलं आणि भर बाजारातून ओढत घरी आणलं. उतारावर दोराची काय गरज होती? मुद्दाम!

स्ट्रॉबेरी घरात सगळ्यांनी खाल्ल्या. मी शिवलो नाही. (चार.)

२२ फेब्रुवारी

देव आहे. स्पेशलचा मॅग्नेटो जळला. ठिणगी नाही म्हणजे गाडी नाही. मुंबईहून नवा यायला महिना. हैबतीने निरोप पाठवून विचारलं, जादा आहे का. नाही म्हणून कळवलं. तो हात जोडत आला तरी माझ्याकडून नटसुद्धा मिळणार नाही. हे वाक्य दोनदा अधोरेखित केलं आहे.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी, महाड

सकाळी कापड्याला गेलो. त्याच्या दारावरून टूररच्या तीन फेऱ्या मारायच्या, हॉर्न वाजवत, असा बेत.

तिसऱ्या फेरीला हैबती रस्त्यात आडवा आला. पायात वहाण नव्हती. साळूकाकीला गवत काढताना फुरसं चावलं होतं. साळूकाकी ही त्याची आई. माझी आई गेल्यावर तिनेच मला दोन वर्षं भरवलं.

टूररच्या पत्र्यावर तिला बसवता येईना. मी टूररचा मॅग्नेटो काढला, स्पेशलला लावला. चपखल बसला, एकाच मापाचा.

काकी म्हणाली, “रावजी, तू चालव रे. याचे हात हालतायत.”

तिला लुगड्याने माझ्या पाठीशी बांधली. महाडपर्यंत तिचं कपाळ माझ्या मानेवर होतं. मी सारखा हाका मारत होतो. एकदा ती ओ देईना. तेव्हा जे वाटलं ते लिहीत नाही.

डॉक्टरांनी सुई टोचली. म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं.

स्पेशलचं हँडल खरोखरच फार— असो.

८ मार्च

काकी चालायला लागली. हैबती मॅग्नेटो परत द्यायला आला. सुडाचं पुढचं कलम तयार होतं: त्याला चहा विचारायचा नाही. हिने विचारला.

तो मुंबईला कायमचा राहायला निघाला आहे, काकीला घेऊन. स्पेशल मॅग्नेटोशिवायच साताऱ्याच्या कोणा गृहस्थाला विकली. मॅग्नेटो त्याने फडक्यात गुंडाळून, पुसून आणला होता. जाताना म्हणाला, “दादा, वहिनी म्हनाल्या तू माझ्यावर रागावलायस. खरं हाय काय?”

मी म्हणालो, “छे.”

त्याने लगेच विश्वास ठेवला. पाया पडला आणि गेला.

संध्याकाळी टूरर घेऊन बाजारातून दोन फेऱ्या मारल्या. तालुक्यात पुन्हा माझी एकटीच. रस्ता मोकळा होता. शर्यत लावायला कोणी नव्हतं, म्हणून हळू चालवली.